प्रीतीसोबत पत्रक द्यायचंच का?

मोहरीचा_दाणा (धागाकर्ती)

सगळ्यांना सलाम.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सध्या एका गोष्टीवरून दोन तट पडलेत. तरुण संघ आणि महिला संघ मिळून आम्ही रुग्णालयात जातो. ज्यांच्याजवळ बसायला कुणी नाही त्यांच्याजवळ बसायचं, औषधं आणून द्यायची, आज्यांचे केस विंचरायचे, फॉर्म भरून द्यायचे, एवढंच काम. वाद असा की निघताना प्रत्येकाच्या उशाशी शुभवर्तमानाचं पत्रक ठेवायचं की नाही. एका गटाचं म्हणणं, पत्रक नसेल तर आपल्यात आणि कुठल्याही समाजसेवकात फरक काय? दुसरा गट म्हणतो, पत्रक ठेवलं की केलेल्या सेवेचं बिल ठेवल्यासारखं होतं.

दोन्ही गट एकच वचन पुढे करतात. मत्तय १०:८. तुम्हांला फुकट मिळाले, फुकट द्या.

म्हणून मी तो अख्खा अध्याय पुन्हा वाचला. येशू आपल्या बारा शिष्यांना पाठवतो तेव्हा दोन कामं एकत्र देतो. राज्य जवळ आलंय ही घोषणा करा आणि रोग्यांना बरं करा. 'फुकट द्या' हे दोन्हींना लागू आहे. कमरपट्ट्यात सोनं, रुपं (चांदी), तांबं घेऊ नका, हे लगेच पुढच्याच वचनात. आणि कुणी स्वीकारलं नाही तर? पायाची धूळ झटकून पुढे व्हा. म्हणजे तिथे ठाण मांडून बसायची परवानगी त्याने दिलेली नाही. बोलणं आणि करणं यांची फारकत मला त्या अध्यायात दिसत नाही, पण जबरदस्तीही दिसत नाही.

माझा स्वतःचा कल पत्रक न ठेवण्याकडे आहे. लूक १७ मधले दहा कुष्ठरोगी बघा. दहाही शुद्ध झाले, आभार मानायला एकच परत आला, तोही शमरोनी, म्हणजे परका. बाकीचे नऊ कुठे आहेत, असं प्रभूने विचारलं खरं. त्याला त्याचं काहीच वाटलं नाही असं नाही. पण त्या नऊ जणांचा रोग परत आला असं कुठेही लिहिलेलं नाही.

तुमच्याकडे काय करतात? जरा सविस्तर लिहा, 'प्रार्थना करा, प्रभू मार्ग दाखवेल' एवढ्यावर सोडवू नका :-)

---

दीपस्तंभ

मी पत्रकवाल्यांच्या बाजूचा. शिव्या घालण्याआधी ऐकून घ्या.

सेवा करून गप्प घरी आलो तर लोक काय म्हणतात? 'किती चांगली माणसं आहेत ही.' म्हणजे श्रेय कुणाच्या खात्यात गेलं? आपल्या. प्रेषितांची कृत्ये अध्याय ३ मध्ये येशूचे शिष्य पेत्र-योहान मंदिराच्या दारातल्या पांगळ्याला उठवतात आणि लोक त्यांच्याभोवती गर्दी करतात. पेत्राने काय केलं? आमच्याकडे टक लावून काय पाहता, आमच्या सामर्थ्याने का हा चालायला लागला, असं म्हणून त्याने तिथेच येशूचं नाव घेतलं. नम्रपणे गप्प बसला नाही. तिथे गप्प बसणं म्हणजे चोरी झाली असती.

आणि रोम १०:१४. ऐकलंच नाही तर विश्वास कसा ठेवतील? मला जे मिळालंय ते जगातली सर्वांत मोठी गोष्ट आहे असं मी खरंच मानत असेन, तर समोरच्याला उशी सरकवून देऊन ती गोष्ट खिशातच ठेवणं ही कसली प्रीती?

---

रात्रपाळी

नर्स आहे, ख्रिस्ती आहे. थोडक्यात लिहिते, ड्युटीवर जायचंय.

सलाईन लावलेला माणूस उठून जाऊ शकत नाही. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा.

रस्त्यात कुणी कागद हातात दिला तर माणूस 'नको' म्हणून पुढे जातो. खाटेवरच्या माणसाला तसं करता येत नाही. त्याला भीती असते की नको म्हटलं तर ही ताई पाणी द्यायला येणार नाही. तुमच्या मनात तसं नसेल, त्याच्या मनात असतं. मी रोज बघते. वॉर्डातला माणूस झाडणाऱ्यालासुद्धा 'साहेब' म्हणतो, कारण त्याला सगळ्यांची गरज असते.

पांगळ्याला पेत्राने आधी उभं केलं, मग भाषण केलं. तेव्हा त्याला पाय होते. कंटाळा आला असता तर निघून जाता आलं असतं.

---

पाळकाची_लेक

रात्रपाळीताई, शेवटची ओळ _/\_

---

शंकेखोर

मी ख्रिस्ती नाही. तसा कुठलाच नाही. धागा वर आला म्हणून वाचला, चालत नसेल तर सांगा, निघतो.

घेणाऱ्याच्या बाजूने लिहितो. आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा एका प्रार्थना गटाचे लोक यायचे. कोणता गट ते सांगत नाही, गरजही नाही. चांगली माणसं होती. आईला कूस बदलून द्यायची, तिच्याशी गप्पा मारायची. मग एकदा सभेचं आमंत्रण आलं, आईने नको म्हटलं. दुसऱ्यांदाही नको म्हटलं. त्यानंतर येणं विरळ होत गेलं आणि मग बंदच झालं. भांडण नाही, काही नाही. आई विचारायची, 'त्या बायका का गं येत नाहीत आता?' बहिणीकडे उत्तर नव्हतं.

त्यामुळे पत्रक ठेवता की नाही याने मला फारसा फरक पडत नाही. मी बघणार ते एवढंच, की नकारानंतरच्या आठवड्यात तुम्ही येता का.

---

मोहरीचा_दाणा

शंकेखोर, निघू नका. आमच्या बैठकीत ज्या मुद्द्याला कुणी हातच लावला नव्हता तो तुम्ही मांडलात. आम्ही निघताना काय ठेवायचं यावर भांडत होतो, परत जायचं कुणाकडे यावर एक शब्द नाही.

---

निवृत्त_पाळक

प्रभूच्या नावात सर्वांस सलाम.

शंकेखोर यांचा प्रतिसाद वाचून मला २ राजे अध्याय ५ आठवला. संडे स्कूलमध्ये आपण ही कथा नामान यार्देनेत सात बुड्या मारतो तिथेच संपवतो. खरी मौज त्याच्या पुढे आहे.

नामान अरामाचा सेनापती. कुष्ठरोगी. इस्राएलच्या संदेष्ट्याकडे, अलीशाकडे, निघताना तो दहा तालांत रुपं, सहा हजार शेकेल सोनं (तालांत, शेकेल ही तेव्हाची वजनं) आणि दहा पोशाख बरोबर घेतो. म्हणजे बरं होण्याची किंमत त्याने मनात धरूनच ठेवली होती. तो बरा होतो, परत येऊन भेट घेण्याचा आग्रह करतो आणि अलीशा साफ नाही म्हणतो. परमेश्वराची शपथ घेऊन नाही म्हणतो.

इथे अलीशाचा चाकर गेहजी याच्या पोटात दुखतं. एवढा पैसेवाला माणूस असाच सोडला! तो रथामागे धावतो, खोटं सांगतो की दोन तरुण आलेत, त्यांच्यासाठी एक तालांत रुपं आणि दोन पोशाख द्या. नामान आनंदाने दोन तालांत देतो. गेहजी ते घरात लपवतो, आणि नामानाचा कुष्ठरोग त्याला लागतो.

शिक्षा इतकी कडक का, असं मंडळीतले लोक मला नेहमी विचारत. माझी समजूत अशी. चोरी तर होतीच, पण गेहजीने नामानाच्या डोळ्यांपुढे देवाचं रूपच बदलून टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या परक्या माणसाला काही न देता काही मिळालं होतं. गेहजीने मागाहून त्याची पावती फाडली. सेवेनंतर जो अपेक्षांची यादी घेऊन मागे धावतो, तो रुपं मागत नसला तरी गेहजीच्याच वाटेवर आहे. उपस्थिती मागणं, कृतज्ञता मागणं, 'आपला माणूस' होण्याची मागणी करणं, हे सगळं त्यातच आलं.

आणि त्याच कथेतला दुसरा भाग कुणी वाचून दाखवत नाही. नामान म्हणतो, माझा राजा आमच्या रिम्मोन देवाच्या देवळात जातो, माझ्या हातावर टेकून नमतो, तेव्हा मलाही नमावं लागेल, एवढं परमेश्वराने क्षमा करावं. अलीशा काय उत्तर देतो? शांतीने जा. ना अट, ना व्याख्यान. बरेपण परत मागितलं नाही.

---

शंकेखोर

हे बायबलमध्ये आहे? जुन्या करारात? मला वाटत होतं तिथे फक्त युद्धं आणि वंशावळ्या आहेत.

---

निवृत्त_पाळक

त्याही आहेत, भरपूर :-)

---

दीपस्तंभ

पाळकसाहेब, कथा तुमचीच घेतो. पण तिची सुरुवात कुणी केली? नामानाच्या घरातल्या एका मुलीने. इस्राएलातून धरून आणलेली बंदी, त्याच्या बायकोची दासी. तिने तोंड उघडलं म्हणून पुढचं सगळं घडलं. 'माझा धनी शोमरोनातल्या संदेष्ट्याकडे असता तर किती बरं झालं असतं.' तिने गप्प बसून नुसती भांडी घासली असती तर नामान कुष्ठातच मेला असता.

---

निवृत्त_पाळक

मान्य. शंभर टक्के मान्य. पण ती कुठे उभी आहे ते बघा दीपस्तंभ. ती खाली आहे, नामान वर. तिच्या बोलण्यात दाब असूच शकत नाही, कारण तिच्या हातात काही नाही. उलट ज्याच्या माणसांनी तिला घरापासून तोडलं त्याचंच भलं ती चिंतते. तोंड उघडायचं ते असं. आपण खाटेशेजारी उभे राहतो तेव्हा वर कोण असतं, हे रात्रपाळीबाईंनी सांगितलंच आहे.

---

पाळकाची_लेक

मी पत्रकाच्या भांडणात पडत नाही, एक प्रसंग सांगते.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका एकटे राहतात. कट्टर नास्तिक. धर्माचा विषय निघाला की डोळे लाल. पायाची नखं इतकी वाढलेली की चपलेत बोट जाईना, आणि वाकता येत नाही म्हणून कापताही येईनात. वयस्कर माणसांची नखं साधी नसतात. लाकडासारखी जाड, पिवळी, कडेने मांसात वळलेली. आधी कोमट पाण्यात पाय बराच वेळ बुडवून ठेवावे लागतात. एकदम कापायला गेलं की तडकतात. थोडं थोडं, टोकाकडून घ्यावं लागतं, अंगठा सगळ्यात शेवटी.

मी टॉवेल मांडीवर घेऊन बसले, एक पाय झाला, दुसरा हातात घेतला, तर काका म्हणतात, 'तुझ्या देवाचं काही सांगणार असशील तर आत्ताच सांग, म्हणजे पाय मागे घेतो.'

मी म्हटलं, 'काका, अंगठा राहिलाय. तो होऊ दे, मग भांडू.'

ते हसले. भांडणही झालं नंतर, पुष्कळ झालं. त्यांनी तेवढ्यात दुःख, भूकंप, लहान मुलांचे आजार सगळं काढलं. मला सगळ्याची उत्तरं येत नाहीत आणि तसं मी सांगितलं. पुढच्या महिन्यात पुन्हा नखं कापली. काका आजही नास्तिक आहेत. मला विचाराल तर यात काही अर्धवट राहिलंय असं वाटत नाही.

योहान १३ मध्ये प्रभू शिष्यांचे पाय धुतो तेव्हा त्याला धरून देणारा यहूदा तिथेच होता, तो नंतर उठून बाहेर गेला. म्हणजे त्याचेही पाय धुतले गेले. माहीत असून धुतले.

---

दीपस्तंभ

ताई, प्रसंग वाचून निरुत्तर झालो असं म्हणणार नाही, कारण नाही झालो. पण काकांनी विचारलं तेव्हा तुम्ही बोललात ना? मला तेवढंच हवंय. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांना कुणी विचारलं तरी बोलता येत नाही, लाज वाटते. 'सेवा हीच साक्ष' हे वाक्य बऱ्याचदा त्या लाजेवरचं पांघरूण असतं.

---

मोहरीचा_दाणा

हे टोचलं. खरं आहे म्हणून टोचलं. १ पेत्र ३:१५ मध्ये तेच आहे, तुमच्या आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने. आम्ही 'सौम्यतेने' एवढंच पाठ केलंय, 'तयार असा' हे विसरलोय.

---

वाचनवेडा

थोडा इतिहास. हा वाद आजकालचा नाही.

रोमी सम्राट ज्युलियन (राज्यकाळ इसवी सन ३६१ ते ३६३) ख्रिस्ती घरात वाढला आणि नंतर जुन्या देवांकडे परतला. ख्रिस्ती लोकांवर त्याचा राग. गलतिया प्रांतातल्या आपल्या मुख्य पुजाऱ्याला, आर्सेसियसला, त्याने लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. त्यात तो वैतागून म्हणतो की हे गालीली (म्हणजे ख्रिस्ती) आपल्या गरिबांना तर पोसतातच, वर आमच्याही गरिबांना पोसतात, आणि आमच्या लोकांना आमच्याकडून मदत मिळत नाही ही लाजेची गोष्ट आहे. विरोधकाने दिलेली साक्ष म्हणून मला ती जास्त मोलाची वाटते. 'आमच्याही' हा शब्द महत्त्वाचा. मदत घेऊन ते गरीब 'आमचे'च राहिले होते, नाहीतर ज्युलियनने त्यांना आमचे म्हटलं नसतं.

त्याच्या शंभरेक वर्षं आधी अलेक्झांड्रियात साथ आली होती. तिथला बिशप डायोनिसियस याचं पत्र युसेबियसने आपल्या मंडळीच्या इतिहासात जपून ठेवलंय. आजाऱ्यांची शुश्रूषा करता करता बंधुजन स्वतः कसे मेले, ते त्यात आहे. मेलेला माणूस परतफेड मागायला येत नाही, असा त्याचा रोखठोक अर्थ.

आता आपल्या जवळचं आणि अवघड उदाहरण. पंडिता रमाबाई. १८८९ मध्ये शारदा सदन सुरू केलं तेव्हा तिथे धर्माची सक्ती नाही हे ठरलेलं होतं. मुलींना आपापले आचार पाळायची मोकळीक होती. रमाबाई स्वतः १८८३ मध्ये ख्रिस्ती झालेल्या. त्या आपल्या खोलीत लेकीबरोबर प्रार्थना करत आणि खोलीचं दार उघडं असे. काही मुली येऊन बसू लागल्या. त्यावरून वर्तमानपत्रांतून काहूर उठलं आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली.

दार उघडं ठेवणं म्हणजे आमिष की प्रामाणिकपणा? मी ठरवू शकलेलो नाही.

---

शंकेखोर

आमिष म्हणणार नाही, पण निरागसही म्हणणार नाही. आसरा देणारी बाई ज्या खोलीत प्रार्थना करते तिथे आसरा घेणारी लहान मुलगी येऊन बसली, यात तिची मर्जी किती आणि कृतज्ञता किती? मोजणार कसं?

---

रात्रपाळी

आणि दार बंद केलं असतं तर म्हणाले असते, आत काय लपवून चाललंय?

स्वतःच्या खोलीत स्वतःच्या देवाची प्रार्थना करायला बाईने चोरासारखं का वागावं? मदत करणाऱ्याने आपण कोण ते लपवणं हीसुद्धा एक फसवणूकच. मला आधीच कळलेलं बरं की समोरचा ख्रिस्ती आहे. मग मी काय घ्यायचं, काय नाही, ते ठरवीन.

---

वाचनवेडा

रात्रपाळी, हा मुद्दा पटला. उशाशी गुपचूप ठेवलेल्या पत्रकापेक्षा, आल्या आल्या 'आम्ही अमुक चर्चमधून आलोय' हे सांगणं जास्त सरळ.

शंकेखोर, तुमचा प्रश्न मात्र तसाच उरतो. मला वाटतं त्याचं उत्तर खोलीच्या दारात नाही, सदनाच्या दारात आहे. प्रार्थनेला न येणाऱ्या मुलीचं जेवण, शिक्षण, निजायची जागा जशीच्या तशी राहिली का, हे बघायचं.

---

शंकेखोर

ठीक. मग आता मोठा प्रश्न, रागावू नका. तुम्ही सगळे म्हणता, देवाची प्रीती फुकट आहे, अट नाही. पण तुमच्याच शिकवणीत पुढे असंही येतं की ती नाकारली तर न्याय आहे, नरक आहे. मग फुकट कसलं? माझ्या आईला सभेला नको म्हटल्यावर माणसं यायची थांबली. तुमच्या देवाने तेच मोठ्या प्रमाणावर केलं तर फरक काय?

---

निवृत्त_पाळक

रागावण्यासारखं काही नाही. पाळकपणात हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला, आणि अंत्यविधीनंतर विचारला गेला, जेव्हा तो सर्वांत जड असतो.

पूर्ण उत्तर देतो असा आव आणत नाही. लूक १५ मधल्या उधळ्या पुत्राच्या कथेत, सगळं उधळून धाकटा घरी परतला म्हणून मेजवानी चालू आहे आणि थोरला भाऊ रागाने बाहेर उभा आहे. बाप काय करतो? दार लावून घेत नाही. नोकरांकडून त्याला ओढतही आणवत नाही. स्वतः बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. 'बाळा, तू सदा माझ्याबरोबर आहेस, जे माझं ते सगळं तुझंच आहे.' आणि तो आत गेला की नाही हे येशू सांगतच नाही. कथा अंगणातच थांबते.

बाहेर राहणाऱ्याला बाहेरचा काळोख भोगावा लागतो, हे मी नाकारत नाही. शास्त्रात आहे ते आहे. पण तुमच्या आईकडे यायच्या थांबलेल्या त्या बायका आणि हा बाप यांत मला फरक दिसतो. नकार मिळाल्यावर त्या घरी गेल्या. तो अंगणात आला.

---

शंकेखोर

अर्धं पटलं. उरलेल्या अर्ध्यावर वाद घालीन, पण त्याला वेगळा धागा लागेल. अंगणाची गोष्ट मात्र आवडली.

---

थकले_बाई

मी फार दिवस नुसती वाचत असते, आज लिहिते. तुमचं सगळं वाचून मला बरं वाटायच्या ऐवजी दडपण आलं.

घरी सासूबाईंना स्मृतिभ्रंश. दिवसातून दहा वेळा विचारतात, तू कोण? रात्री उठून दार उघडतात. मंडळीतल्या बायका म्हणतात, 'प्रभूची सेवा समजून कर, तुला आशीर्वाद मिळेल.' मला आशीर्वाद नको, झोप हवी आहे. आणि धाकटा दीर दारू पिऊन पैसे मागायला येतो. तोही वचनं ऐकवतो, 'जो मागतो त्याला दे.' फुकट मिळालं फुकट द्या, पण माझ्याकडचं संपलं तर?

---

रात्रपाळी

ताई, आधी झोप. बाकी सगळं नंतर. आठवड्यातून दोन रात्री दुसरं कुणी सासूबाईंजवळ राहील अशी सोय करा, आणि त्या रात्री तुम्ही दुसऱ्या खोलीत नाही, दुसऱ्या घरी झोपा. एकाच घरात असलात तर आवाज आला की उठणारच. दाराला वरच्या बाजूला कडी बसवा. अशा रुग्णांची नजर बहुतेक वेळा वर जात नाही. मात्र त्या कडीमुळे त्यांना घरात एकटं ठेवून जाऊ नका.

---

पाळकाची_लेक

दिराबद्दल. 'जो मागतो त्याला दे' म्हणजे तो मागेल तेच दे असं नाही. कृत्ये ३ मधल्या पांगळ्याने भीक मागितली होती. पेत्र म्हणाला, सोनं-रुपं माझ्याजवळ नाही, जे आहे ते देतो. दिराला जेवायला वाढा, व्यसनमुक्तीच्या बैठकीला कुणीतरी बरोबर जा, पण हातात रोख देऊ नका. तो तुम्हाला निर्दय म्हणेल. म्हणू दे.

---

निवृत्त_पाळक

बाई, त्या बायकांना माझा निरोप द्या की वचन सांगणं सोपं असतं, एक रात्र येऊन बसा.

'पहिल्याने त्याने आपल्यावर प्रीती केली, म्हणून आपण प्रीती करतो.' १ योहान ४:१९. क्रम बघा. देवाच्या प्रीतीचा साठा तुमच्या एकटीच्या घरी ठेवलेला नाही, तो मंडळीभर वाटून ठेवलाय. तुमच्यावाचून हे काम अडतं असं ज्यांनी तुम्हाला पटवलं त्यांनी तुमची स्तुती केली, मदत केली नाही. शिष्य कामावरून परत आले, जेवायलाही सवड नव्हती, तेव्हा प्रभूने त्यांना पुढचं काम सांगितलं नाही. एकांती चला, थोडा विसावा घ्या, म्हणाला. मार्क ६:३१.

आणि पेत्राची आणखी एक गोष्ट. त्याने आधी पाय धुवून घ्यायला नकार दिला होता. सेवा करणाऱ्यांना सेवा करून घेणं फार जड जातं. प्रभूने ते चालू दिलं नाही.

---

थकले_बाई

वाचून रडले. कडी उद्याच बसवते.

---

दीपस्तंभ

ताई, मी फार बोलतो हे इथे सर्वांना ठाऊक आहे. तुम्ही कोणत्या भागात राहता ते मला व्यक्तिगत निरोपात कळवा. आमच्या मंडळीच्या बायका तुमच्या जवळपास असतील तर दोन रात्रींचं बघतो. पत्रक पाठवणार नाही :-)

---

मोहरीचा_दाणा

काल बैठक झाली. या धाग्यातलं बरंच मी तिथे मांडलं, नावं न घेता. ठरलं ते असं. गेल्यावर आधी आपण कोण, कुठून आलो ते सांगायचं. पत्रक ठेवायचं नाही. कुणी आपणहून विचारलं तर बोलायचं, आणि बोलता यावं म्हणून दर महिन्याला एक संध्याकाळ आपसात सराव करायचा. ही दीपस्तंभांची जीत. प्रार्थना करू का, असं त्याच दिवशी विचारायचं नाही. ओळख झाल्यावर विचारायचं, आणि विचारताना 'नाही' म्हणणं सोपं जाईल असं विचारायचं.

शंकेखोर, तुमच्यामुळे एक वही सुरू झाली. तिच्यात कुणी काय स्वीकारलं याचा रकाना नाही. फक्त कुणाकडे परत कधी जायचं आणि जाणार कोण, एवढंच.

---

शंकेखोर

वहीत नकार दिलेल्यांची नावं पण असतील ना?

---

मोहरीचा_दाणा

असतील, पण नकार दिला असं लिहिलेलं नसेल. कुणी दिला ते नवीन जाणाऱ्याला कळायचं कारण नाही.

---

रात्रपाळी

एकच राहिलं. फोटो काढणं बंद करा. गेल्या आठवड्यात आमच्या वॉर्डात एक गट आला होता. आजोबांचा गाउन मागून उघडा, आणि हे बाजूला उभे राहून हसतायत. तो फोटो व्हॉट्सॲपवर 'प्रभूची स्तुती असो' लिहून फिरला.

---

मोहरीचा_दाणा

बापरे. बैठकीत फोटोचा विषय निघाला होता, तरुण संघाचं म्हणणं की देणगीदारांना दाखवावं लागतं. मी नाही म्हटलं, पण माझं ऐकतील असं वाटत नाही. पाळकसाहेब, तुम्ही एकदा बोलाल का त्यांच्याशी?

---

निवृत्त_पाळक

नंबर पाठवा. डावा हात-उजवा हात हे वचन त्यांना तोंडपाठ असणारच, त्यामुळे ते नाही सांगणार. त्यांच्यातल्या कुणाच्या आजोबांचा तसा फोटो चालेल का, एवढंच विचारतो.